तीन मिनिटांत महिन्याची औषधं: अलेक्झांड्रा टाउनशिपमधलं एक प्रकरण

सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे मी बरीच वर्षं उभी राहिले आहे. आमच्या तालुक्याचा बाजार सोमवारचा, त्यामुळे सोमवारी खिडकी उघडायच्या आधीच रांग जिन्यापर्यंत पोचलेली असायची. केसपेपर घ्यायचा, डॉक्टरांचं अक्षर लावायचं, मागच्या रॅकवरून स्ट्रिप काढायच्या, मोजायच्या, कात्रीने कापायच्या, नोंदवहीत लिहायचं, पाकिटात घालून बाहेर सरकवायचं. एका माणसाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट यायचं आणि त्यातलं बहुतेक माझी पाठ त्याच्याकडे असताना जायचं.

अशाच एका सोमवारी एक आजी रुमालाची गाठ सोडत खिडकीशी आल्या. रुमालात मीच आदल्या आठवड्यात कापून दिलेले स्ट्रिपचे तुकडे होते. कापताना नाव छापलेली बाजू दुसऱ्याच कुणाच्या पाकिटात गेली होती. आजींच्या तुकड्यांवर नुसता चंदेरी कागद आणि बॅच नंबरातले दोन आकडे. "ताई, यातली सकाळची कुठली गं?" त्यांनी विचारलं. मागे चाळीसेक माणसं होती. मी मान वर न करता म्हटलं, "पांढरी सकाळी घ्या, आजी." त्या मान हलवून निघून गेल्या. साखरेची मेटफॉर्मिन पांढरी होती आणि रक्तदाबाची अम्लोडिपिनही पांढरीच. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा दुपार झाली होती, खिडकी बंद करून मी डबा उघडला होता.

औषध देणारी यंत्रं बसवली की पेशंट समाधानी होतात, असं आता सगळीकडे ऐकू येतं. रोबो, टोकन, एटीएमसारखं मशिन, कुलूपबंद खण, प्रकार बरेच आहेत. समाधान वाढतं हे मला मान्य आहे. पण ते यंत्रातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीमुळे वाढतं, हे नीट पाहिलं नाही तर आपण भलतीच गोष्ट विकत घेऊ, अशी मला काळजी वाटते. म्हणून एकच प्रकरण घेऊन ते खालपासून वरपर्यंत पाहायचं ठरवलं. ते आहे दक्षिण आफ्रिकेतलं, जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा टाउनशिपमधलं. शहरालगतच्या काळ्या लोकांच्या वस्तीला तिथे टाउनशिप म्हणतात.

रांग कशाची होती

अलेक्झांड्राला तिथले लोक 'अॅलेक्स' म्हणतात. ही वस्ती १९१२ सालची. त्याच्या पुढच्याच वर्षी तिथल्या जमीन कायद्याने काळ्या माणसांचा जमीन घेण्याचा हक्क जवळपास संपवला, त्यामुळे काळ्या माणसाच्या नावावर जागा असू शकते अशी जी मोजकी शहरी ठिकाणं उरली त्यात अॅलेक्स होतं. नेल्सन मंडेला १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला जोहान्सबर्गला आले तेव्हा इथेच एका खोलीत राहिले. महामार्गाच्या पलीकडे सँडटन, म्हणजे आफ्रिकेतल्या सगळ्यात श्रीमंत वस्त्यांपैकी एक. अलीकडे अॅलेक्स: पत्र्याच्या खोल्या, एका नळावर अनेक घरं, पहाटे पलीकडे कामाला जाणारी माणसं.

दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या पंचाहत्तर लाखांच्या वर आहे, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. २००४ पासून तिथल्या सरकारी दवाखान्यांत विषाणूरोधक औषधं मोफत मिळू लागली. या औषधांची गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. पाश्चात्य कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरच्या पुढे होता. गरीब देशातल्या सरकारला ही औषधं आपल्या लोकांना फुकट वाटता येतील, हा विचारच त्या आकड्यानंतर शक्य झाला. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने धोरण बदललं: रक्तातल्या सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशी) कितीही असोत, निदान झालं की औषध सुरू. माणसं वाचू लागली. एचआयव्ही हा मधुमेहासारखा, आयुष्यभर गोळी घेत सांभाळायचा आजार झाला.

आणि नेमकी तिथून रांग वाढली. गोळी रोज घ्यायची, म्हणजे दर महिन्या-दोन महिन्यांनी ती आणायला जायचं. जो माणूस ठणठणीत आहे, ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही, तोही त्याच दवाखान्यात, त्याच रांगेत, तापाने फणफणलेल्या मुलाच्या मागे उभा. दवाखाना सोमवार ते शुक्रवार चालणार. नंबर लागावा म्हणून माणसं उजाडायच्या आधी येऊन बसत. आधी फाईल काढायची रांग, मग नर्सची, मग औषधाची. औषध हातात पडेपर्यंत अर्धा दिवस गेलेला. सँडटनमध्ये घरकाम करणाऱ्या बाईला किंवा रोजंदारीच्या गवंड्याला हा अर्धा दिवस म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, आणि वरून मालकाला कारण सांगायचं. दर महिन्याला एक सुट्टी कशासाठी, याचं उत्तर एचआयव्हीच्या बाबतीत सोपं नसतं.

रांग लांब झाली की माणूस एखादा महिना चुकवतो. एचआयव्हीच्या औषधांत खंड पडला की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो आणि त्याच औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. त्यामुळे औषधाच्या रांगेतल्या माणसाचं समाधान हा तिथे सौजन्याचा विषय राहत नाही. वैतागलेला पेशंट तक्रार-पेटीत चिठ्ठी टाकत नाही. तो यायचाच थांबतो.

सरकारने याची दखल घेतली होती. २०१४ पासून दीर्घ आजारांची औषधं मध्यवर्ती ठिकाणी पाकीटबंद करून, पेशंटच्या नावाने, त्याच्या सोयीच्या ठिकाणी पोचवायची योजना सुरू झाली. प्रकृती स्थिर असलेल्या पेशंटने डॉक्टरकडे सहा महिन्यांतून एकदा यायचं, एरवी औषध जवळच्या खासगी दुकानातून उचलायचं. पुढची पायरी होती यंत्राची.

मॉलमधलं मशिन

राइट टू केअर ही तिथली मोठी आरोग्यसंस्था. जोहान्सबर्गच्या हेलन जोसेफ हॉस्पिटलमधल्या एचआयव्ही क्लिनिकशी तिचं जुनं नातं. हॉस्पिटलच्या औषधालयात खोकी काढून देणाऱ्या रोबोचा अनुभव गाठीशी होता. तोच रोबो हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर, माणसं जिथे किराणा घ्यायला जातात तिथे ठेवायची कल्पना तिने आणि राइट ई-फार्मसी या तिच्या सहयोगी कंपनीने उचलली. रोबो जर्मन बनावटीचा. २०१८ च्या मार्चमध्ये अॅलेक्स प्लाझा या बाजारसंकुलात देशातलं असं पहिलं केंद्र सुरू झालं. वर्तमानपत्रांनी लगेच 'औषधाचं एटीएम' असं नाव दिलं. मग डीपस्लूट, सोवेटो आणि पुढे ब्लूमफाँटेन इथेही केंद्रं झाली.

बाहेरून बँकेच्या एटीएमच्या खोल्या दिसाव्यात तशा खोल्या. दार लावलं की आत एकटा पेशंट. समोर पडदा, खाली स्कॅनर. तो आपलं ओळखपत्र किंवा औषधाचं कार्ड स्कॅन करतो, पिन टाकतो. पडद्यावर एक चेहरा येतो. ही व्यक्ती फार्मासिस्ट असते, दुसरीकडे कुठेतरी बसलेली, व्हिडिओवरून बोलणारी. नमस्कार-चमत्कार होतो. तब्येत कशी आहे, गोळ्यांचा काही त्रास होतोय का, चुकल्या का, आणखी कुठलं औषध सुरू केलंय का, हे विचारलं जातं. दक्षिण आफ्रिकेत त्या वेळी ११ राजभाषा होत्या, आणि पेशंटला आपल्या भाषेत बोलता यावं अशी सोय केलेली होती. झुलू बोलणाऱ्या आजीला इंग्रजीत मान हलवत बसावं लागत नाही. चिठ्ठीतली औषधं पक्की झाली की भिंतीमागे रोबोचा हात हलतो, खोकं उचलतो, त्यावर पेशंटच्या नावाचं आणि डोसचं लेबल चिकटतं आणि खोकं खालच्या खणात येऊन पडतं. शेवटी पावती, आणि त्या पावतीवर पुढच्या खेपेची तारीख. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत.

मला या वर्णनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रोबो वाटत नाही. गोष्टींचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी बोलणं, मग औषध. हे यंत्र बनवणाऱ्यांना बोलणं वगळता आलं असतं. चिठ्ठी संगणकात आहे, पेशंट स्थिर आहे, गेल्या महिन्यात घेतलं तेच औषध आज घ्यायचंय, मग फार्मासिस्ट हवा कशाला? तो काढला असता तर तीन मिनिटांची दोन झाली असती आणि पगार वाचला असता. तिथल्या फार्मसी कौन्सिलच्या नियमांतही दूर ठेवलेल्या स्वयंचलित यंत्रामागे फार्मासिस्ट असणं बंधनकारक आहे. पण मला वाटतं नियम नसता तरी हा निर्णय बरोबर होता. खिडकीमागचं माझं काम दोन भागांचं होतं: हाताचं आणि तोंडाचं. शोधणं, मोजणं, कापणं, चिकटवणं हे हाताचं. सांगणं, विचारणं, ऐकणं हे तोंडाचं. माझ्या दीड मिनिटात हाताचं काम सगळी जागा खाऊन बसायचं. अॅलेक्समध्ये हाताचं काम रोबोने घेतलं आणि फार्मासिस्टला तीन मिनिटं पेशंटकडे तोंड करून बसवलं.

अशा रोबोचं हाताचं काम माणसापेक्षा सरस असतं, हे मी व्यवसायातली म्हणून मोकळेपणाने मान्य करते. आपण औषधं वर्णानुक्रमे किंवा आजारांनुसार रॅकवर लावतो. रोबो तसं काही करत नाही. खोकं आत आलं की त्याचा बारकोड, मुदत आणि लांबी-रुंदी तो वाचतो आणि जिथे फट असेल तिथे सरकवून देतो. आपल्या डोळ्यांना तो पसारा दिसतो, पण कुठलं खोकं कुठे आहे हे संगणकाला ठाऊक असतं. एकसारख्या नावांची दोन औषधं शेजारी असली तरी त्याचा गोंधळ होत नाही, कारण तो नाव वाचतच नाही, बारकोड वाचतो. ज्याची मुदत आधी संपते ते खोकं तो आधी काढतो. आणि तो स्ट्रिप कापत नाही, अख्खं खोकं देतो. माझ्या आजींच्या रुमालातला घोळ त्या भिंतीमागे झालाच नसता.

मात्र भिंतीमागची ही बिनचूक मोजणी पेशंटला दिसत नाही. त्यामुळे त्याच्या समाधानात तिचा वाटा कमीच. चुकीचं औषध न मिळाल्याबद्दल आजवर एकाही पेशंटने माझे आभार मानलेले नाहीत, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

समाधान कशाचं

मग पेशंटला काय दिसतं? पहिली गोष्ट उघड आहे, वेळ. पण वेळेतही दोन भाग आहेत. एक किती वेळ लागला, दुसरा कधी लागला. मॉल शनिवार-रविवारी उघडा असतो. काम बुडवायचं नाही, भाजी घेताघेता औषध घ्यायचं. माझ्या मते तीन मिनिटांपेक्षा हा शनिवार मोठा आहे. दवाखान्यात रांग शून्यावर आणली आणि दवाखाना मंगळवारीच उघडा ठेवला, तरी गवंड्याची मजुरी बुडणारच.

दुसरी गोष्ट एकांत. अनेक दवाखान्यांत एचआयव्हीच्या औषधांची रांग वेगळी, बाक वेगळा, कधी फाईलचा रंगही वेगळा. कोण कशासाठी आलंय हे शेजारणीला लांबूनच कळतं. अॅलेक्स प्लाझातल्या त्या खोलीत मधुमेही, रक्तदाबवाला आणि एचआयव्हीसह जगणारा, तिघं एकाच दारातून आत जातात आणि सारखीच पिशवी घेऊन बाहेर येतात. आपल्याकडच्या एआरटी केंद्रांबाहेर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, तोंडाला ओढणी गुंडाळून उभ्या असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दार लावून घेता येणं म्हणजे काय, हे त्या बायकांना विचारावं.

तिसरी गोष्ट म्हणजे खात्री. पावतीवर तारीख आहे, त्या दिवशी औषध असणार आहे. औषधखिडकीवर माणसं सर्वांत जास्त चिडतात ती रांगेमुळे नाही. रांगेच्या शेवटी "साठा संपलाय, बाहेरून घ्या" हे ऐकल्यावर चिडतात. चार तास उभं राहून औषध मिळालं तर माणूस दमलेला असतो, पण घरी जाताना त्याच्या चेहऱ्यावर एक सुटका असते. अर्ध्या तासात रिकाम्या हाताने परत जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती नसते. म्हणून यंत्र कितीही वेगवान असो, त्याच्या पोटात औषध नसेल तर समाधानाची गोष्टच संपते. यंत्राचं यश मागच्या गोदामावर, खरेदीवर, वेळेवर निघणाऱ्या ट्रकवर उभं असतं. अॅलेक्सचं मशिन एका चालत्या साखळीचं टोक होतं, हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. आपल्याकडे एखाद्या रुग्णालयात नुसतं टोक आणून बसवलं जातं.

आणि चौथी गोष्ट तो चेहरा. इथे मी जरा थांबते, कारण याच्या उलट उदाहरणही दक्षिण आफ्रिकेतच आहे.

निओ हुतिरी हा तिथला विद्युत अभियंता. २०१४ मध्ये त्याला क्षयरोग झाला. औषधासाठी दवाखान्यात तासन् तास बसावं लागलं. त्यातून त्याने 'पेलेबॉक्स' बनवला. 'पेले' म्हणजे त्स्वाना भाषेत पुढे, समोर. हे कुलूपबंद खणांचं कपाट आहे. दवाखान्यातले कर्मचारी पेशंटच्या नावाचं पाकीट खणात ठेवतात, पेशंटच्या फोनवर पिन जातो, तो येतो, पिन टाकतो, दार उघडतं, पाकीट घेऊन निघतो. लागणारा वेळ एका मिनिटापेक्षा कमी. २०१९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचा आफ्रिका पुरस्कार त्याला मिळाला. किमतीच्या हिशेबात रोबोपुढे हे कपाट कितीतरी साधं आणि स्वस्त, आणि ते लोकांना आवडतं. तिथे कुणीच बोलायला नसतं.

तिसरं उदाहरण केपटाऊनजवळच्या खायलित्शाचं. तिथे २००७ पासून 'अॅडहिअरन्स क्लब' सुरू झाले, म्हणजे औषध नियमित घेणाऱ्यांचे गट. तीसेक पेशंट दोन महिन्यांनी एकत्र बसतात, एक आरोग्यसेविका वजन करते, गप्पा होतात, आधीच बांधून ठेवलेली औषधं घेऊन सगळे तासाभरात घरी. यंत्र औषधालाही नाही. तेही लोकांना आवडतं.

मग चेहरा लागतो की नाही? माझं मत असं की प्रश्नच माणसागणिक आणि महिन्यागणिक वेगळा आहे. पाच वर्षं तीच गोळी घेणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला मिनिटभराचं कपाट पुरतं. औषध नुकतं बदललेल्या बाईला, आई व्हायचं मनात असलेल्या मुलीला, तीन आजारांच्या सहा गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्याला बोलायला कुणीतरी हवं. ज्याला एकटेपणा खातो त्याला गट हवा. आणि कपाटवाल्या माणसालाही एखाद्या महिन्यात प्रश्न पडतोच. अॅलेक्सच्या मांडणीत मला पटतं ते हे की दर खेपेला चेहरा समोर असतो आणि काही विचारायचं नसेल तर माणूस पटकन पुढे जाऊ शकतो. विचारण्यासाठी वेगळी रांग लावावी लागत नाही. वेगळी रांग लावायची म्हटली की आमच्या आजीसारखी माणसं विचारतच नाहीत.

कोण बाहेर राहिलं

कुठल्याही समाधानाच्या पाहणीत प्रश्न त्यांनाच विचारले जातात जे यंत्रापर्यंत पोचलेले असतात. अॅलेक्सच्या यंत्रापर्यंत पोचायला आधी प्रकृती स्थिर असावी लागते. ज्यांचा आजार आटोक्यात नाही, जे औषध चुकवतात, ज्यांना सर्वाधिक मदतीची गरज आहे, ते दवाखान्याच्याच रांगेत राहतात. हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे, कारण त्यांना तपासणी लागते. यंत्राकडे गेलेल्या लोकांमुळे ती रांग आखूड व्हायची असते, आणि तिथल्या नर्सला आजारी माणसासाठी जास्त वेळ मिळायचा असतो. योजनेचा अर्धा हेतूच तो. म्हणून मी पाहणी करणार असते तर प्रश्नावली घेऊन मॉलमध्ये नंतर गेले असते, आधी दवाखान्यात गेले असते. यंत्राकडे न गेलेल्यांचा वेळ किती वाचला, हे यंत्राचं खरं प्रगतिपुस्तक आहे.

ओळखपत्राचाही प्रश्न असतो. अॅलेक्समध्ये झिम्बाब्वे, मोझांबिकमधून आलेली माणसं मोठ्या संख्येने राहतात. परक्यांविरुद्धचा २००८ मधला हिंसाचार याच वस्तीतून पेटला होता. ज्याच्याकडे देशाचं ओळखपत्र नाही त्याला पडद्यासमोर उभं राहून सरकारी दिसणाऱ्या यंत्राला तोंड देणं सोपं नाही. स्कॅनरला ओळखपत्राशिवाय औषधाचं कार्डही चालतं, ही म्हणूनच मला छोटी पण मायेची सोय वाटते.

मॉलची जागा सोयीची, पण मॉलला स्वतःचं वेळापत्रक असतं. तिथे महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत सरकारी अनुदानाचे पैसे जमा होतात: वृद्धांचं पेन्शन, मुलांचं अनुदान. त्या दिवसांत मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. औषधाची तारीख त्याच आठवड्यात पडली की दवाखान्यातली रांग मॉलमध्ये येऊन उभी राहते. पावतीवर तारीख छापणाऱ्या संगणकाला वस्तीचा महिना कसा चालतो हे माहीत असायला हवं. आमच्या सोमवारच्या बाजारासारखंच हे.

वीज हा आणखी एक भाग. दक्षिण आफ्रिकेत ठरवून वीज कापण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालली. कपातीच्या तिथे पायऱ्या ठरलेल्या आहेत, पायरी जितकी वरची तितका अंधार जास्त. डिसेंबर २०१९ मध्ये ती पहिल्यांदा सहाव्या पायरीला पोचली आणि २०२३ हे त्या बाबतीत सर्वांत वाईट वर्ष ठरलं. खिडकीमागचा माणूस मेणबत्तीच्या उजेडात गोळ्या देऊ शकतो. रोबो आणि व्हिडिओ दोघांनाही वीज आणि नेट दोन्ही लागतं. बॅटरी, जनरेटर, दुसरी नेट-जोडणी हा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच निर्णय घ्यायला हवा. आमच्याकडे असे खर्च "नंतर बघू" या सदरात जातात आणि मग यंत्रावर फडकं टाकलेलं दिसतं.

पैशाचं म्हणावं तर दक्षिण आफ्रिकेतल्या एचआयव्हीच्या औषधांचा खर्च मुख्यतः तिथलं सरकार स्वतः करतं, पण औषधाभोवतीच्या अशा सेवांना अमेरिकी मदतीचा मोठा आधार होता. राइट टू केअरही त्या मदतीवर बऱ्याच अंशी अवलंबून असलेली संस्था. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा देशभरातले समुपदेशक, नोंदणी करणारे, औषध चुकवणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला परत आणणारे, असे हजारो लोक कामावरून गेले. गोळ्या गोदामात होत्या. त्या गोळीपर्यंत माणसाला आणणारी माणसं गेली. पेशंटचं समाधान आपण यंत्राच्या खात्यावर मांडतो, पण त्यातलं बरंचसं या लोकांनी कमावलेलं असतं.

विचारायचं कसं

आमच्या रुग्णालयातही अभिप्रायाचा अर्ज असतो. पाच चेहरे छापलेले, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, एकावर खूण करायची. औषध हातात पडल्यावर बाहेर पडताना तो पुढे केला जातो आणि जवळजवळ सगळे हसऱ्या चेहऱ्यावर खूण करतात. फुकट मिळालेल्या औषधाबद्दल, ते देणाऱ्याच्या समोर, पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याचकडे यायचं असताना, माणूस दुसरं काय करणार? हा खोटेपणा नाही. हा आपला रीतभात पाळण्याचा स्वभाव आहे. पण त्यावरून यंत्र चांगलं की खिडकी चांगली हे ठरवता येत नाही. दोन्हीकडे हसरेच चेहरे येतील.

त्यापेक्षा मी तीन साध्या गोष्टी पाहीन. पेशंटला निवड दिली तर पुढच्या महिन्यात तो कुठे जातो. तो ठरलेल्या तारखेला येतो का. आणि बाहेर पडल्यावर पिशवीतली गोळी हातात देऊन विचारलं, ही कशाची, कधी घ्यायची, तर त्याला सांगता येतं का. पहिल्या दोन गोष्टी यंत्राच्या नोंदीतच सापडतात, त्यासाठी कुणाला हसरा चेहरा काढावा लागत नाही. तिसरीसाठी मात्र दाराबाहेर एक माणूस उभा करावा लागतो. हा प्रश्न विचारला जात नाही, कारण उत्तर ऐकायची आपल्याला धास्ती असते. मला होती.

आपल्याकडच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत आता टोकनचे पडदे आले आहेत, गोळ्या वेगवेगळ्या डोसनुसार पाकीटबंद करणारी यंत्रं काही ठिकाणी आली आहेत. सरकारी रुग्णालयांतही आज ना उद्या येतील, यावीत असंच मला वाटतं. ती येताना खिडकीवरच्या फार्मासिस्टची जागा रद्द करून पैसे उभे करायचा प्रस्ताव कुणीतरी मांडेल. तेव्हा अॅलेक्स प्लाझातल्या त्या खोलीत पडद्यावर आधी काय उगवतं, ते त्याला दाखवायला हवं.

आजी पुढच्या सोमवारी पुन्हा आल्या. चक्कर येते म्हणत होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या दोन्ही वेळेला जात होत्या. मी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तपासलं, रक्तदाब खाली होता पण धोका टळलेला होता. मग मी खिडकीचं दार उघडून बाहेर आले आणि बाकावर आजींच्या शेजारी बसले. रुमाल सोडला. न कापलेल्या दोन स्ट्रिप आणल्या, एकीवर पेनने सूर्य काढला, दुसरीवर सूर्य आणि चंद्र. आजींनी बोट ठेवून मला परत म्हणून दाखवलं, "ही रक्तदाबाची, सकाळची एकच. ही साखरेची, सकाळी आणि रातच्याला, जेवल्यावर." दोनदा म्हणून दाखवलं. चार मिनिटं लागली. तेवढा वेळ खिडकीमागे कुणीच नव्हतं.